लेबलआत्याचं नाक

तेलाच्या त्या छोट्या कारखान्यात तिला सगळे लेबलआत्या म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ती एकवीस वर्षं बाटल्यांना लेबलं लावत आली होती. लेबल मागच्या कागदावरून सोडवायचं, कडेला धरायचं, आधी मधोमध टेकवायचं आणि मऊ फडक्याने दोन्हीकडे दाबत न्यायचं. स्वतःच्या लेबलाखाली बुडबुडा राहिला तर ती चिडायची. दुसऱ्याच्या राहिला तर त्याची काही खैर नसे.

कारखान्यात दोनच तेलं भरली जात. एक तान्ह्या बाळांच्या मालिशचं, दुसरं शिवणयंत्राचं. दोन्ही पाण्यासारखी नितळ, आणि मालकांनी बाटल्याही एकाच मापाच्या घेऊन ठेवलेल्या. फरक काय तो वासाचा. तोही इतका पुसट, की दिवसभर तेलात वावरून बधिर झालेल्या नाकांना तो कळत नसे. मालकांना तर बारमाही सर्दी. आत्याचं नाक मात्र भारी तिखट, असा सगळ्यांचा पक्का समज होता.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो खराही होता. मग तिला ताप आला, आणि जाताना तो वास घेऊन गेला. आत्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. नाक गेलेल्या बाईला तेलाच्या कारखान्यात कोण ठेवून घेणार? तिने एक नियम काढला: आधी लेबल, मग तेल. नाव लागल्याशिवाय ती बाटली भरायलाच देत नसे. "गिऱ्हाईक काय आत शिरून बघतंय का? ते लेबल वाचतं आणि गुमान विश्वास ठेवतं," असं ती सगळ्यांना सुनवायची. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यामागची भीती तेवढी कुणाला दिसली नव्हती.

त्या दिवशी मुलीला आणि दोन महिन्यांच्या नातीला दवाखान्यात नेण्यासाठी तिने अर्धी सुट्टी घेतली होती. दुपारी कामावर येऊन बघते तर टेबलाशेजारी दोन खोकी, आणि त्यांत चाळीस भरलेल्या बाटल्या. एकीवरही लेबल नाही.

"रोल संपला होता, आत्या," तेल भरणारा गडी म्हणाला. माणूस चांगला, पण भारी उतावळा. "छापखान्यातून यायला उशीर. म्हटलं, हातावर हात ठेवून कशाला बसायचं?"

"दोन्ही तेलं भरलीस?"

"दोन्ही. उजवीकडे बाळाचं, डावीकडे मशीनचं. म्हणजे होतं तसं. मग फरशी पुसायला खोकी हलवली."

फरशी पुसणाऱ्या बाईंनी घाईघाईने बादली उचलली आणि त्या छताकडे बघू लागल्या.

तेवढ्यात मालक आले. सगळं ऐकून नाक पुसत म्हणाले, "एवढंच ना? आत्या आहेत की. हुंगा आणि लावा, दोन मिनिटांचं काम."

आत्याने एक बाटली उघडून नाकाशी नेली. काहीच नाही. दुसरी नेली. तिच्यातही काहीच नाही. तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होते. बोट दाखवून "हे बाळाचं" म्हटलं असतं तर विषय संपला असता. कुणी उलटून विचारलंही नसतं. पण सकाळीच तिने इथल्याच बाटलीतलं तेल नातीच्या पाठीला चोळलं होतं. ते हुंगून घेणं तिच्या हातात नव्हतं, लेबलावर भरवसा ठेवूनच तिने ते तळहातावर ओतलं होतं. तिने बूच लावलं.

"मला वास येत नाही, मालक."

"सर्दी झालीय?"

"दोन वर्षं झाली."

गड्याने आ वासला. "म्हणजे ते आधी लेबल, आधी लेबल करून आमचं डोकं खायचात, ते..."

"त्याचसाठी."

मालकांनी दोन्ही खोक्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, "बरं, सगळ्यांवर मशीनचं लावून टाका. बाळांना तरी धोका नाही."

"आणि शिवणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? यंत्र चिकटून बसलं तर ते कुणाच्या नावाने बोटं मोडतील?"

"मग लावायचं तरी काय? तुम्हीच सांगा!"

आत्याने दोन कोरी लेबलं घेतली, त्यांवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "आत काय आहे माहीत नाही", आणि एकेका खोक्यावर एकेक लावलं. मधोमध टेकवून, दोन्हीकडे दाबून. एवढ्या घाबऱ्या हातांनीही तिने बुडबुडा राहू दिला नाही.

मालकांनी ते दोनदा वाचलं. "आपल्याच दारांच्या बिजागऱ्यांना घाला," ते म्हणाले. "आणि यापुढे लेबलाशिवाय इथे थेंबही भरायचा नाही. आत्या, उद्या वेळेवर या."

आपली नोकरी गेलेली नाही, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग ती टेबलाशी जाऊन बसली आणि फडक्याने आधी डोळे पुसले.

संध्याकाळी तिने मुलीला सगळं सांगितलं. मुलगी भडकलीच. "दोन वर्षं? आणि परवा दूध करपलं तेव्हा मलाच बोललीस!"

"बोलले खरी," आत्या ओशाळून म्हणाली. मांडीवर नात झोपली होती. आत्या तिच्या टाळूवर वाकली, नेहमीसारखी, आणि नेहमीसारखंच काही हाती लागलं नाही. दोन महिने जे विचारायची सोय नव्हती, ते तिने आज विचारलं.

"हिला वास कसा येतो गं?"

मुलीचा राग कुठच्या कुठे गेला. तिने बाळाच्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले.

"दुधाचा येतो. थोडा उन्हात वाळलेल्या कपड्यांचा. आणि आई, तुझ्या तेलाचा."

"कुठल्या तेलाचा? नीट बघून सांग."

"बाळाच्याच," मुलगी म्हणाली, आणि आत्याने नातीच्या टाळूवर हलकेच तळहात ठेवला.