बोर्डावर खरं काय लिहिलं होतं

रस्ता बंद नव्हता, आत्या.

मी खोटं वाचलं.

आज तुला जाऊन वर्ष झालं. घरी बाबा वर्षश्राद्धाला बसले असतील. मी गावी नाही म्हणून आई रागावली आहे. मी विशाखापट्टणमच्या पुढे, त्याच खडकांवर, त्याच बोर्डासमोर बसून हे लिहिते आहे.

ज्यांना आत्या माहीत नाही त्यांच्यासाठी: ती बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर तीनच वर्षांनी विधवा होऊन तेलंगणाच्या सीमेवरच्या, बेल्याजवळच्या आमच्या गावी परत आली आणि आमचीच झाली. भाजीचं वावर तीच बघायची. लहानपणी नदीपलीकडे, महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली होती.

मी शाळेला इतकी घाबरायचे की वर्गाच्या दारातच उलटी व्हायची. मग दोन वर्षं आत्यानेच मला घरी शिकवलं. वांगी तोडता तोडता पाढे. परातीत ज्वारीचं पीठ पसरून अक्षरं.

एकदा तिने त्या पिठात बोटाने देशाचा नकाशा काढला आणि उजव्या कडेवर बोट टेकवलं.

"इथं जमीन सरते."

"मंग पुढं?"

"पुढं पाणी. मीबी नाई पाह्यलं."

नंतर मी तेलुगू शाळेत गेले आणि घरात तेलुगू वाचणारी मी एकटीच झाले. मंडल ऑफिसची, म्हणजे तहसीलची नोटीस, बसची पाटी, बियाण्याच्या पाकिटावरची माहिती, सगळं माझ्याकडे यायचं.

आत्याचा नियम एकच. "जे लिवलं तेच वाच. आपल्या मनचं घालू नको."

मी अक्षर अन् अक्षर वाचायचे. दोन-दोनदा तपासायचे.

मला नोकरी लागल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. समुद्र. दोन वर्षांपूर्वी थंडीत मी तिला इथे आणलं.

दीपगृह पाहिलं. लाटांनी पोखरलेली दगडी कमान पाहिली. लाल मातीच्या टेकड्यांमध्ये ती वाकली, माती तळहातावर चोळली आणि म्हणाली, "भुईमूग चांगला येईन इथं."

समुद्राचं पाणी चाखून तोंड वाकडं केलं. "एवढं पाणी, अन् एका वाफ्याच्या कामाचं नाई!"

पण रेतीवर तिचं समाधान होईना.

"रेतीत काय समजते वं, जमीन कुठं सरली ते? मले पक्का काठ दाखव."

पक्का काठ म्हणजे इथलं टोक. खडकांवरून वीसेक मिनिटांची पायवाट, आणि शेवटी सरळ खाली समुद्र.

तिच्या पिशवीत रुमालात बांधलेली कापसाची दोन बोंडं होती. पहिल्या वेचणीची. आमच्याकडे पहिला कापूस घरी आणण्याआधी थोडा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दहीभातासोबत ठेवतात.

"हाबी धुराच हाय ना," ती म्हणाली. "देशाचा."

वाटेच्या तोंडाशी हा बोर्ड होता. तेलुगूत.

"काय लिवलं?"

तिचं बीपी. तिचा गुडघा. ओले काळे खडक, खाली फुटणाऱ्या लाटा. माझ्या डोक्यात ती आधीच पडली होती.

'मला भीती वाटते' म्हटलं असतं, तर ती हसून पुढे गेली असती. सरकारी अक्षर मात्र तिने कधी मोडलं नाही. मला ते माहीत होतं.

"पुढे जायला बंदी आहे," मी वाचलं.

तेवढ्यात समोरून एक जोडपं आलं, कडेवर लेकरू घेऊन.

"मंग हे कसे येऊन राह्यले?"

"इथलेच असतील. त्यांना चालतं."

तिने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तू वाचलं म्हंजे झालं."

आणि रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

गावात तिला फार चिडवलं. शेजारची काकू तर दर वेळी, "काऊन वं बाई, समुद्रापावतर गेली अन् धुऱ्यावरून वापस आली?"

"सरकारची बंदी हाय माय! मायी भाची तेलुगू वाचते. नाईतं गेलीच असती मी."

मी तिथेच बसून शेंगा निवडत होते. मान वर केली नाही.

सांगणार होते. पोळ्याला सांगू. सोयाबीन निघालं की सांगू.

मग एका दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. वाफ्याला पाणी देता देता ती खाली बसली होती. ती उठलीच नाही.

तिच्या पेटीत रुमाल सापडला. गाठ तशीच.

आज सकाळी मी टोकापर्यंत चालत गेले, आत्या.

खरं सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. माझा पाय एकदा घसरला, तळहात सोलला. म्हणजे भीती खोटी नव्हती. तू पोचली असतीस की अर्ध्यातून वळली असतीस, मला माहीत नाही. पण ते ठरवायचं तुझं होतं. मी तुला ठरवूच दिलं नाही.

जमीन खरंच एकदम सरते गं. पिठातल्या रेघेसारखी.

रुमालाची गाठ सोडली. दहीभात ठेवला, बोंडं ठेवली. वर दगड ठेवायचं सुचलं नाही. एक बोंड वाऱ्याने लगेच नेलं. दुसरं कपारीत अडकून राहिलं.

परत येऊन बोर्डासमोर उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं, मराठीत. अक्षर अन् अक्षर. मनचं काही न घालता. एक माणूस थांबून बघत होता. बघू दे.

"खडक ओले असतात. जपून जा."

एवढंच लिहिलं आहे, आत्या.

जपून जा.