वहिनींनी काढलेला प्लग

माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. तिच्यापासून लपवलेलं माझ्याकडे दुसरं काही नाही — हे एवढंच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही वहिनींना ओळखत नाही.

मी अड्याळचा. राइस मिलमध्ये हिशेब पाहतो. एका पोत्याचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत जेवायला न उठणारा माणूस, अशी माझी गावात ओळख आहे. ती खोटी नाही. म्हणूनच तर...

थांबा, आधी यंत्राचं सांगतो.

मला छोट्या संगणकांचा नाद आहे. पत्त्यांच्या डबीएवढा बोर्ड, मोबाईलमध्ये असते तशी एआरएम चिप, मोबाईलच्याच चार्जरवर चालणारा. त्यावर मी लिनक्सची एक अगदी हलकी आवृत्ती चालवतो. तिची खुबी अशी, की सुरू होताना ती बोर्डात खोचलेल्या एसडी कार्डावरून उचलली जाते आणि सगळी मेमरीत जाऊन बसते. नंतर कार्डाला हात लावत नाही, त्यामुळे कार्ड झिजत नाही. पण मग तुम्ही जे नवीन ठेवाल तेही मेमरीतच राहतं. ते कार्डावर उतरवून घे, अशी आज्ञा द्यावी लागते. दिली नाही आणि वीज तुटली, तर यंत्र पुन्हा कोरं. हे मला माहीत होतं. मिलच्या ऑपरेटरला हेच मी दोनदा समजावून सांगितलं होतं.

देवा माझा शाळेपासूनचा मित्र. बसवर कंडक्टर होता. आवाज असा, की कोंढ्याच्या फाट्यावर उतरणारा माणूस कितीही गाढ झोपलेला असो, उठायचाच. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र सुटला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशातलं स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल.

ऑपरेशनला अवकाश होता. देवा म्हणाला, पल्लवीसाठी आवाज ठेवून जातो. पल्लवी ही त्याची एकुलती मुलगी, तेव्हा आठवीत होती. मी लगेच म्हणालो, माझा बोर्ड आणून लावतो, माईक जोडतो, एक बटन दाबायचं आणि बोलायचं. त्याची बायको, सुनंदावहिनी, चहा देता देता म्हणाल्या, "मोबाईलात नाही होत का जी भाऊजी?"

होत होतं. अगदी सहज होत होतं. मी म्हणालो, मोबाईल भरतो, पडतो, हरवतो. खरं कारण वेगळं होतं — माझ्या यंत्राला शेवटी एक खरं काम मिळत होतं.

बोर्ड टीव्हीशेजारी बसला. दिवे जातात म्हणून मधे पॉवरबँक लावली. देवा रोज बोलायचा. लाखांदूरपर्यंतचे सगळे थांबे त्याने हाळी देऊन ओळीने म्हटले. वहिनींना पहिल्यांदा आपल्याच बसमधून कसं आणलं ते सांगितलं. अंगणात घुसलेल्या बकरीला हाकलणंसुद्धा त्यात आलं. पल्लवीच्या लग्नात काय बोलायचं, तेही. मी संध्याकाळी जाऊन ऐकायचो, सगळं जागेवर असायचं. असणारच ना? वीज चालू होती. कार्डावर उतरवण्याची आज्ञा रोज आपोआप सुटेल, अशी एक ओळ मला लिहायची होती. उद्या लिहू, म्हणत होतो.

नागपूरला निघायच्या सकाळी वहिनींनी घर बंद केलं. गॅस बंद केला, नळ पाहिले, सगळे प्लग काढले. कोणतीही नेटकी बाई करते तेच केलं. पॉवरबँक काही तास पुरली असेल.

ते परतले तेव्हा देवाच्या गळ्याला पट्टी होती, हातात पल्लवीची पाटी. मी बोर्ड सुरू केला. फोल्डर रिकामं. ती ओळ लिहायची राहिली, हे त्याच क्षणी मला कळलं — नीट वाचा, त्याच क्षणी. शंका अशी उरलीच नाही. तिघं माझ्याकडे पाहत होते.

मी विचारलं, "मधे याचा प्लग काढला होता का कोणी?"

एवढंच. खोटं बोललो नाही. फक्त विचारलं. विचारताना उत्तर मला माहीत होतं.

"मीच काढला जी," वहिनी म्हणाल्या. "निघताना घर बंद करून राहिली होती ना, म्हणून सारेच काढले. याचा काढायचा नव्हता का?"

मी मान खाली घातली. ती मान त्यांनी उत्तर म्हणून घेतली. घेऊ दिली मी.

देवाने पाटीवर लिहिलं — तिले सांग, तिची चूक नाही. आणि मी सांगितलं. त्यांच्याजवळ जाऊन, हळू आवाजात, समजूतदारपणे. त्या रडत म्हणाल्या, "तुमचं मन मोठं आहे भाऊजी." हे मी ऐकून घेतलं. घरी येऊन जेवलोसुद्धा.

देवा त्यानंतर दोन वर्षं जगला. दोन वर्षांत मी किती वेळा त्याच्यासमोर बसलो असेन? मोजलं नाही. मी — आणि मोजलं नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला विहारात गावातली माणसं उठून त्याच्या आवाजाबद्दल बोलली. मग वहिनी उठल्या. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "त्यांचा आवाज पोरीसाठी ठेवला होता. माझ्या हातानं गेला." पल्लवी खाली पाहत राहिली. आईचा हात तिने धरला नाही. मी पुढच्याच सतरंजीवर होतो. उठून दोन वाक्यं बोलायची होती. पाय दुमडून बसलो होतो, तसाच बसलो.

आता पल्लवीचं लग्न ठरलं आहे. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मी निघताना वहिनींनी पंख्याच्या बटनाकडे हात नेला आणि मधेच थांबवला. गेली कित्येक वर्षं त्या हेच करतात.

"बंद करू का जी भाऊजी? काही जाणार तर नाही ना?"

मी म्हणालो, "करा वहिनी. काही जात नाही."