पायाखाली नसलेला ब्रेक

जन्मभर बस चालवलेल्या ड्रायव्हरकाकांना निवृत्तीनंतर मुलाने युरोप दाखवायला नेलं, तेही बसने. एकामागून एक देश मागे पडत होते. काकू आणि सूनबाई किल्ले, तळी बघून हरखून जात होत्या. काका मात्र डोळ्यांत तेल घालून रस्ता बघत बसलेले. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. सीटवर बसलेल्या माणसाच्या पायाखाली ब्रेक कुठला असायला! मग काकू हसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या.

"अहो, पुरे आता. गाडी त्या ड्रायव्हरची आहे. तुम्ही माझ्याबरोबर आलाय."

"पठ्ठ्या उतारावर गाडी फार सोडतो गं!" काका करवादायचे. पण पाय सैल पडायचा.

काकू जाऊन आता वर्ष होत आलं. परवा मुलाच्या गाडीत काका पुढे बसले होते. मागून नातीने विचारलं, "आजोबा, युरोपात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं?"

काकांना एकही किल्ला आठवेना. तेवढ्यात वळण आलं आणि पाय दाबला गेला. घर येईपर्यंत तो तसाच दाबलेला राहिला.