शहाण्याला स्पेलिंगचा मार

कतारला येतोय, दोन दिवसांत काय काय बघता येईल, अशा मेल मला अधूनमधून येतात. खरं उत्तर दिलं तर लोक तिकीट रद्द करतील. म्हणून मी कॉर्निशचा किनारा, सूक नावाचा जुना बाजार आणि वाळूचे डोंगर अशी नेहमीची यादी पाठवून मोकळी होते. पण आमच्या घरात सगळ्यात गाजलेली सहल या यादीत नाही. ती होती रस्त्याकडेची एक पाटी बघायला जाण्याची. जायला पाऊण तास, बघायला अर्धं मिनिट, आणि त्यानंतर नवऱ्याच्या मानेला आठ दिवस शेक.

या पाटीचा शोध मला रुबिनाभाभींच्या टीव्हीवर लागला. म्हणजे टीव्हीच्या डोक्यावर, क्रोशाच्या रुमालावर ठेवलेल्या फ्रेममध्ये. दोह्यात, अल थुमामा भागात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या या भाभी माहेरच्या श्रीवर्धनच्या. फ्रेममध्ये त्यांचे मिस्टर काळा चष्मा लावून, कमरेवर हात ठेवून उभे होते आणि डोक्यावर इंग्रजी-अरबी पाटी होती : अल शहानिया.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"अगो ताई, शहाण्यांचा गाव हाय तो! दुखानच्या रस्त्याला. तू अजून गेली नायस? सगली मराठी मानसं जाऊन फोटो काढून आली. मी हा फोटो सासूला पाठवला. म्हटलं बघा, तुमचा पोरगा शेवटी शहाणा झाला."

आता अल शहानिया हे उंटांच्या शर्यतींचं गाव. त्याचा आणि शहाणपणाचा संबंध तितकाच, जितका पुण्याचा आणि पुण्याचा. पण मराठी माणसाला परमुलखात आपला शब्द दिसला की तो हरखतो, हे खरं आहे. मीही हरखले, आणि त्याचं कारण अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. सिन्नरला चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. किराणा भुसार, टेलर्स, दवाखाना, 'वळण आहे सावकाश जा'. आता हात थरथरतात म्हणून ब्रश सुटला, पण अक्षर बघितलं की बोट अजून हवेत फिरतं. दर शुक्रवारी मी त्यांना फोन करायची आणि आमच्या लेकीला, सईला, रिसीव्हर द्यायची. सई आठ वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं इंग्रजीत. "आय एम फाइन आजोबा, थँक यू आजोबा, बाय आजोबा," एवढं एका दमात म्हणून ती पळायची. बँकेतली बाई टोकन नंबर पुकारते, त्यात जास्त माया असते. एके दिवशी अण्णा म्हणाले, "तिला नको त्रास देऊस. मी आपला तुझ्याशीच बोलतो." अगदी साध्या आवाजात म्हणाले. त्यानंतर सलग चार शुक्रवार त्यांनी सईचं नावही काढलं नाही. मला ते फार लागलं. नात हातची जातेय हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं, आणि मला ते मान्य करायचं नव्हतं.

म्हणून पाटी. पेंटरला पाटीचा फोटो पाठवायचा, खाली नात उभी, वर 'शहानिया'. बोलायला काहीतरी विषय होईल, एवढाच हिशेब.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी निघालो. जाणार असाल तर तुम्हीही शुक्रवारीच निघा. नमाजाच्या वेळेपर्यंत रस्ते रिकामे असतात आणि दुकानं बंद असल्यामुळे बायको खरेदीला उतरत नाही. हे दुसरं वाक्य माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं. मिलिंद गॅस प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर आहे. पाटीच्या फोटोसाठी त्याने कॅमेरा, तिपाई, जादा सेल आणि पातळी बघायचं यंत्र घेतलं. मी पाणी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. परत आलो तेव्हा कोणाचं सामान संपलं होतं ते सांगायला नको.

शहर सोडण्याआधी एका कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला. इथली ही पद्धत मला सुरुवातीला उर्मट वाटायची, आता हॉर्न वाजवल्याशिवाय चहाची चवच लागत नाही. मल्याळी पोऱ्या नव्हे, चांगले पन्नाशीचे काका आले आणि विलायची घातलेला घट्ट करक चहा देऊन गेले. एका रियालमध्ये एवढं सुख दुसरीकडे मिळायचं नाही. पुढे राउंडअबाउट मागून राउंडअबाउट लागतात. तेव्हा दोह्यात अर्धे रस्ते खोदलेले आणि उरलेले अर्धे वळवलेले असत. काल होता तो रस्ता आज असेलच असं नाही. दोनदा आम्ही त्याच मशिदीला सलाम केला.

दुखानच्या रस्त्याला लागल्यावर मी सईचा क्लास घेतला. शहाणा म्हणजे वाइज.

"आणि दीडशहाणा?" मिलिंदने काडी लावली.

"वन अँड अ हाफ वाइज? दॅट्स बेटर, नो?" सई म्हणाली.

"नाही गं. दीडशहाणा म्हणजे शहाणा नसलेला."

"सो मोअर इज लेस?"

"अतिशहाणा त्याहून वाईट. त्याचा बैल रिकामा राहतो."

"व्हॉट बैल?"

बैलाचं मलाही नीट सांगता आलं नाही. बाहेर दोन्ही बाजूंना करड्या मातीचं सपाट मैदान, मध्येच एखादं काटेरी झाड. सई खिडकीला नाक लावून बसली. माझा उत्साह निम्म्यावर आला होता. जो विनोद समजावून सांगावा लागतो तो आजोबांना कसा पोचणार?

गावाजवळ उंटांचा एक तांडा सरावाला निघालेला दिसला. प्रत्येकाच्या पाठीवर स्वारासारखे कपडे घातलेलं छोटं यंत्र, त्याला चाबूक, आणि शेजारून मालक जीपमधून रिमोट दाबत चाललेला. मिलिंदने गाडी थांबवून त्या यंत्राबद्दल जे व्याख्यान दिलं ते मी इथे देत नाही. उंट मात्र पाहा. पहाटे लवकर गेलात तर फुकट दिसतात.

आणि मग आली पाटी. दोन खांबांवर, रस्त्याच्या कडेला, नवी कोरी, चकचकीत. मी आनंदाने ओरडले, आणि मग ती नीट वाचली.

रस्ता रुंद करताना पाटी बदलली होती, आणि पाटीबरोबर स्पेलिंगही. 'श'च्या पुढचा ए गेला होता आणि तिथे डबल ई आला होता. मराठीत वाचायचं तर अल शीहानिया.

"शी!" सई म्हणाली. "हानिया."

मिलिंद इतका हसला की त्याला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. मी मात्र रडकुंडीला आले होते. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला स्पेलिंगचा बसला. एवढ्या लांब येऊन अण्णांना काय पाठवायचं, 'शी'?

आम्ही खाली उतरून पाटीकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात मागे एक पाण्याचा टँकर थांबला आणि दाढीवाला पठाण ड्रायव्हर उतरला.

"गाड़ी ख़राब है, भाईसाब?"

"नहीं, नहीं. फ़ोटो निकालने आए हैं," मिलिंद म्हणाला.

"किसका?"

"बोर्ड का."

ड्रायव्हरने पाटी पाहिली, मग आम्हाला पाहिलं. माझ्या अंगात मास्तरीण संचारली. मी सांगितलं की हमारी ज़बान में शहाना मतलब अक़्लमंद, पुराने बोर्ड पे वैसा लिखा था, अब अंग्रेज़ी बदल गया.

"अरबी में तो वही लिखा है जो पहले था," तो म्हणाला. "अंग्रेज़ी का क्या है, जिसको जैसा सुनाई दिया." मग त्याने विचारलं, "अक़्लमंद लोगों का गाँव?"

"हाँ."

"तो बाजी, आप लोग इधर धूप में क्यों खड़े हो?"

मी हाताने डोळ्यांवर सावली केली. सई मात्र खो खो हसत होती. दीडशहाणा म्हणजे काय ते तिला बहुतेक त्या क्षणी कळलं. तिने पाटीकडे एक डोळा मिटून पाहिलं, डोकं तिरकं केलं, पुन्हा पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी डोकं लावू?"

हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य. गणिताच्या वहीवर बसली की मिलिंद तिला म्हणतो, डोकं लाव गं जरा. त्यामुळे तो सवयीने म्हणाला, "लाव की."

"नो, नो. तिकडे लावू. ऑन द डबल ई."

आम्हा दोघांना कळायला वेळ लागला. पठाणाला आधी कळलं. "माशाल्ला," तो म्हणाला, "बच्ची बैठ जाएगी बराबर."

मग जे झालं त्यासाठी तिपाई आणि पातळीचं यंत्र काहीच उपयोगाचं नव्हतं. मिलिंदने सईला खांद्यावर घेतलं आणि पाटीच्या आणि माझ्या मध्ये तो उभा राहिला. मी मातीत गुडघे टेकून कॅमेरा डोळ्याला लावला. डबल ईवर सईचं डोकं बरोबर बसलं पाहिजे आणि तिची बाजूची शेंडी उजवीकडे सुटली पाहिजे, म्हणजे गोल पोटाचा आणि शेपटीचा छोटा छापील ए दिसेल. "डावीकडे. अजून. अरे माझ्या डावीकडे! खाली बस थोडा." "आठ वर्षांची घोडी खांद्यावर घेऊन तू बस खाली!" सई वरून ओरडत होती, "बाबा, हलू नको ना, माझं डोकं हलतंय!" ड्रायव्हर रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या ट्रकांना हात दाखवत होता, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला. सतरा फोटो वाया गेले, सेल संपले, बदलले. अठराव्या फोटोत डोकं बसलं. अल श, मग माझी लेक, मग हानिया.

दशम्या तिथेच गाडीच्या सावलीत खाल्ल्या, चौघांनी. चटणी ड्रायव्हरला तिखट लागली, पण त्याने दोनदा मागून घेतली.

परतताना सई झोपली. मला तिला उठवून विचारायचं होतं की डोकं लावू म्हणालीस तेव्हा तुला कोटी करायची होती, की तुला खरंच डोकं तिथे लावायचं होतं? नाही विचारलं. मुलांना असं विचारलं की पुढच्या वेळी ती बोलत नाहीत.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते : गाडी डांबरी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या, पाणी भरपूर ठेवा, खांद्यावर मूल घेणाऱ्याला आधी मफलर द्या. बाकी खर्च म्हणाल तर नाहीच. पेट्रोल पाण्याहून स्वस्त आहे. फोटो दोह्यातल्या नजमा भागातल्या एका स्टुडिओत मोठा करून घेतला. तिथल्या माणसाने, "मॅडम, बच्ची का सर लेटर के आगे आया है, दूसरा निकालो," असं दोनदा बजावलं. रुबिनाभाभींचे दीर मुंबईला निघाले होते, त्यांनी तो तिकडून पोस्टात टाकला. मागे मी काहीही लिहिलं नव्हतं. सईनेच मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : आजोबा, मी डोकं लावलं.

त्यानंतर एका दुपारी फोन वाजला. अण्णा एसटीडी बूथवरून बोलत होते. अण्णा आपणहून कधी परदेशी फोन करत नाहीत, मीटरचे आकडे फिरताना बघून त्यांना धाप लागते.

"अण्णा, बरं आहे ना सगळं?"

"त्या ए-ला बोलव," अण्णा म्हणाले.

सई फोन घेऊन कोपऱ्यात बसली. मी कांदा चिरायचं निमित्त करून दाराशी उभी राहिले. "हो. मीच. नाही, बाबांचा नेक दुखतो अजून. शेंडी? शेंडी वाऱ्याने आली, पण चांगली आली ना? आजोबा, तुम्ही ए कसा काढता? आधी पोट का आधी शेपटी?" मग ऐकता ऐकता तिचं बोट हवेत गोल फिरू लागलं. मला कांदा दिसेना, इतकं बरं वाटलं.

शेवटी रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. मी हात पुसत पुढे धावले.

"अगं, ठेवलास? मला नाही का द्यायचास?"

"मी विचारलं ना, आईला देऊ?" सई म्हणाली. "आजोबा म्हणाले, तिला नको त्रास देऊस. मी आपला तुझ्याशीच बोलतो."