उजवीकडचे पिंजरे

चंदीगडच्या तीन वर्षांत मी एका माणसाबद्दल एक वाक्य बोलले. वाक्य खरं होतं, त्यात मीठमसाला काही नव्हता. तरी ते बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला इतकी वर्षं वाटत आलं आहे. ते वाक्य कसं आलं आणि पुढे त्या माणसाचं काय झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

नवरा हवाई दलात. पोस्टिंग तीन वर्षांची. माझ्याकडे अमरावतीची प्राणिशास्त्राची एम.एस्सी. आणि भरपूर हट्ट. बाकीच्या बायका तंबोला खेळायच्या, मी एका संस्थेत संशोधक विद्यार्थिनी म्हणून नाव घातलं आणि उंदीर पाळायला लागले. नवरा मला चपला व्हरांड्यातच काढायला लावायचा आणि आत ओरडून सांगायचा, उंदीरवाली आली, दारं लावा. आत कोणीच नसायचं. हसायचे मी, पण मनात सारखा हिशोब चालू असायचा, की पोस्टिंग संपायच्या आत प्रयोग संपला नाही तर सगळं पाण्यात.

पंजाब पेटलेला होता, शहरात तेव्हा कोणालाच स्वस्थता नव्हती. चौकाचौकांत वाळूची पोती रचलेली. स्कूटरवर दोन पुरुष दिसले की त्यांना थांबवायचे. दुकानात शिरताना पिशवी उघडून दाखवायची, सिनेमाला गेलं तर आधी खुर्चीखाली वाकून बघायचं. बाकावर कोणाचा डबा राहिलेला दिसला की लोक रस्ता बदलायचे. बसमध्ये चढले की मी आधी कोण कोण बसलंय ते बघायची. पगडी, दाढी, वय, मांडीवर काय आहे. मग बसायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याची लाजही वाटायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची.

आता उंदरांचं सांगते. उंदराच्या नाकातून वासाच्या दोन वाटा निघतात. एक आपल्यासारखीच, भाकरी करपली किंवा मांजर आलं हे सांगणारी. दुसरी नाकाच्या तळाशी असलेल्या दोन बारीक नळ्यांतून सुरू होते आणि मेंदूच्या पुढच्या टोकाला, वासाच्या मोठ्या गाठीमागे लपलेल्या एका लहान गाठीत पोचते. तिथून निरोप जातो तो मेंदूच्या तळाशी, जिथून शरीरातल्या रसांचा कारभार चालतो. मध्ये विचार करायला फारसं कोणी बसलेलं नाही. मादीचा नराशी संग झाला की त्या लहान गाठीत त्याच्या मुताचा वास पक्का होतो. पुढे तोच वास आला तर गाठ त्याला तिथल्या तिथे दाबते. हा ओळखीचा, वर कळवायचं कारण नाही. पण पहिल्या तीन-चार दिवसांत परक्या नराचा वास येत राहिला तर निरोप अडत नाही. गर्भ टिकवणारा रस कमी होतो आणि गर्भ रुजायच्या आधीच जातो. मादी मात्र ठणठणीत असते, खातेपिते आणि आठवड्याभरात पुन्हा माजावर येते.

हे सगळं माझ्या आधीच्या लोकांनी शोधलेलं. माझा प्रश्न छोटा होता. जोडीदाराचा वास पक्का व्हायला मादीला त्याच्यासोबत किती तास लागतात? त्यासाठी माद्यांचे गट केले होते. कोणाला जोडीदाराजवळ थोडा वेळ ठेवायचं, कोणाला जास्त, आणि मग त्यांच्या पिंजऱ्यात परक्या नराखालचा भुसा टाकायचा. शिवाय बारा माद्या अशा, की ज्यांना काहीच करायचं नाही. त्या बाराजणी बिनबोभाट व्यायला हव्यात. त्या व्याल्या नाहीत तर बाकीच्या गटांचे आकडे फेकून द्यायचे.

उंदरांचं सगळं बघायचे सरदारजी. पन्नाशीचे, उंच, शहराबाहेर खरडच्या पलीकडच्या एका गावाहून रोज सकाळी सायकलने यायचे. मला बीबी जी म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. फार बोलायचे नाहीत. मादीला उचलताना शेपटीला न धरता तळहात पुढे करायचे आणि ती आपण होऊन चढेपर्यंत थांबायचे. मला त्यांचा राग यायचा तो एका गोष्टीचा. आठवड्यातून दोनदाच पिंजरे बदलायचे, आणि तेव्हाही जुन्या भुशातली एक मूठ नव्या पिंजऱ्यात टाकायचे. मला ते गलिच्छ वाटायचं. मी एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, नया घर है जी, अपना कुछ तो हो. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, अडाणी.

बारा माद्यांच्या जोड्या जमल्या, नर काढून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला सरदारजी हवे होते तर ते जागेवर नव्हते. पाचला जाणारा माणूस दोनलाच गेला होता. त्याच संध्याकाळी जीपमधून पुकारलं, उद्यापासून कर्फ्यू.

तीन दिवस कर्फ्यू होता. नवऱ्याने माझ्यासाठी पास काढला, आणि रोज सकाळी गाडी मला संस्थेत सोडायची. त्या रुंद, सरळ रस्त्यांवर एक माणूस नाही. गाडीतला जवान सारखा मागे वळून बघायचा, म्हणून मीही बघायची. संस्थेत चौकीदार आणि मी. मी उंदरांना खायला घातलं, बाटल्या भरल्या, आणि स्वच्छता काढली. रोज सगळे पिंजरे बदलले. जुना भुसा पार झटकून टाकला, एक कण ठेवला नाही. दारापाशी धुतलेल्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यांचे दोन ढीग असायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवा नळाजवळ होता, मी त्यातले घेतले. वहीत तसं लिहिलंही, कारण मी सगळं लिहिते. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले की सरदारजींपेक्षा मीच बरी निघाले.

चौथ्या दिवशी सरदारजी आले. पिंजऱ्यांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, चकचकीत काम बघून वरमले असतील.

दोन आठवड्यांनी बारापैकी दोघींची पोटं दिसायला लागली. दहाजणी सपाट.

मी रडले नाही, संतापले. कोणीतरी काहीतरी केलं होतं आणि ते मी असणं शक्यच नव्हतं. मी तर कर्फ्यूत जीव मुठीत धरून गेले होते. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, दिल्लीकडचे, सौम्य माणूस, त्यांनी मला बसवलं आणि विचारलं की पिंजरे कोणी हाताळले. शेजारच्या टेबलावर ऑफिसचे बाबू शहराबाहेरून येणाऱ्यांची यादी करत होते, तशा याद्या तेव्हा पोलीस सगळीकडे मागत असत. हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी म्हणाले, "सर, कर्फ्यू से पहले वाले दिन सरदारजी दो बजे ही निकल गए थे, कहाँ गए, किसी को नहीं पता।"

मला म्हणायचं होतं की त्यांचं कामात लक्ष नाही. निदान मी स्वतःला तसं सांगत आले. पण त्या दिवसांत पंजाबच्या एका गावातल्या सरदाराबद्दल, कर्फ्यूच्या आदल्या दिवसाबद्दल, कुठे गेला माहीत नाही, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. बाबूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

पुढच्या आठवड्यात सरदारजींना ठाण्यावर बोलावलं. दोन दिवस बसवून ठेवलं. ते सुटून आल्यावर चौकीदाराने मला सांगितलं की म्हैस व्यायला झाली होती म्हणून ते लवकर घरी गेले होते, आणि ठाण्यात हे सांगितल्यावर सगळे हसले. मारलं का, असं मी विचारलं नाही. चौकीदारानेही आपण होऊन सांगितलं नाही. सरदारजींना प्राण्यांच्या कामावरून काढून बागेत टाकलं. मी खिडकीतून त्यांना गुलाबाच्या वाफ्यात वाकलेलं बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. वाईट वाटत होतं, पण दहा माद्यांचं अपयशही मला त्यांच्याच खात्यावर हवं होतं.

नव्या माणसाबरोबर मी पुन्हा बारा माद्या घेतल्या. आता वेळ अगदी थोडा होता. मी त्याला स्वच्छतेचे माझे नियम सांगितले, रोज उजव्या ढिगातले पिंजरे घ्यायचे, धुऊन तिथेच ठेवायचे, आणि पाठीशी उभी राहून पाळायला लावले. पुन्हा नऊजणी कोऱ्या.

या वेळी सरदारजी बागेत होते. त्यांनी पिंजऱ्याला बोटही लावलं नव्हतं. मी त्या खोलीत स्टुलावर बसून राहिले, काय करावं सुचेना, म्हणून एक रिकामा पिंजरा हातात घेऊन उलटासुलटा करत होते. तळाच्या कोपऱ्यात खिळ्याने ओढलेली एक रेघ दिसली. दुसऱ्यालाही होती. मी उठून उजवा ढीग सगळा पालथा घातला. प्रत्येकाला रेघ. डाव्या ढिगातल्या एकालाही नाही.

उजवीकडचे पिंजरे नरांचे होते. सरदारजी ते वेगळे धुवायचे, वेगळे ठेवायचे, आणि मादीला त्यात कधी घालायचे नाहीत. प्लास्टिक वास धरून ठेवतं, साबणाने तो जात नाही. आमच्या घरी दुधाच्या पातेल्यात दुसरं काही शिजवत नाहीत, मीही शिजवत नाही, आणि मला हे सुचलं नाही. मी माझ्या बारा माद्यांचा जुना भुसा, त्यातला जोडीदाराचा वास, पार झटकून टाकला होता आणि त्यांना रोज नव्या परक्या नराच्या घरात नेऊन ठेवलं होतं. वही काढली. माझ्याच अक्षरात तिन्ही दिवस लिहिलं होतं, पिंजरे उजव्या ढिगातले. दोन वर्षं त्या माणसाच्या शेजारी काम करून मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की ढीग दोन का.

मी सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि कागद खणात ठेवला. डाव्या ढिगातले पिंजरे घेऊन प्रयोग पुन्हा करा, अजून वेळ आहे, म्हणाले. मी विचारलं, सरदारजींचं काय? ते म्हणाले की तो आता ऑफिसचा विषय आहे.

मग मी बागेत गेले. दुपार होती, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. सरदारजी खुरप्याने गवत काढत होते, उठले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं, रेघेचं, ढिगांचं, वहीचं, आणि सरांसमोर मी काय बोलले होते तेही, शब्दाला शब्द. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कर्फ्यूनंतर ते आले त्या सकाळीच त्यांना कळलं होतं. माद्या रेघेच्या पिंजऱ्यांत होत्या.

"तो बताया क्यों नहीं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, चूक माझी असून.

"बताता तो आप कहते, अपनी गलती बीबी पे डाल रहा है।"

मी तसंच म्हटलं असतं. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मी म्हणाले की मी सगळं लिहून दिलं आहे, चूक माझी होती असं स्वच्छ लिहिलं आहे.

"किसको दिया?"

"सर को।"

त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. मग मातीचे हात गुडघ्यांवर ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "सर तो मुझे जानते हैं, बीबी जी। ये कागज़ थाने में दे आओ। नाम तो वहाँ लिखा है। गाँव में कुछ भी होता है, मुझे बुला लेते हैं।"

मी हो म्हणाले. पक्का, असंही म्हणाले.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने एकदम चेष्टा थांबवली. म्हणाला, अगं, फौजेतल्या माणसाची बायको ठाण्यात जाऊन अशा प्रकरणात सही करणार, तुला कळतंय का काय बोलतेस? बदलीची ऑर्डर तोंडावर आहे, जरा थांब. तो चुकीचं बोलत होता असंही नाही. घाबरला होता, मीही घाबरले होते. तरी मी कागदाची दुसरी प्रत लिहिली, पर्समध्ये ठेवली आणि दोन वेळा ठाण्यापर्यंत गेले. दाराशी पोती रचलेली, मागे बंदूकवाला शिपाई. तो मला वरपासून खालपर्यंत बघायला लागला, पर्स, हात, पदर. मी बसमध्ये इतरांकडे बघायची तसंच. दोन्ही वेळा मी त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेले.

तिसऱ्या खेपेच्या माद्या व्याल्या, बाराच्या बारा. प्रबंध वेळेत झाला. सामान बांधताना तो कागद पर्समध्ये सापडला आणि मी तो फाडून टाकला. ठाण्यात सरदारजींचं नाव तसंच लिहिलेलं राहिलं.