खदानीतले डावे पाय

आधीच सांगतो, मी बायोलॉजीचा मास्तर आहे. लिंबू-मिरची, करणी, बाधा असलं कुणी काढलं की भर वर्गात त्याची टर उडवायचो. देवळातसुद्धा बायकोच्या धाकानं जातो. त्यामुळे खालचं वाचून कुणी मला भोळसट म्हणू नये... म्हणालात तरी आता काही वाटत नाही म्हणा.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. भूकंपात गाव बसलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई तुळईखाली सापडली आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नकली पाय बसवल्यावर मात्र बाई अशी चालायची की नवख्याला कळायचं नाही. पुढं मी लातूरला एका क्लासमध्ये शिकवायला लागलो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून ती रोज एकटी खाली उतरून भाजी आणायची.

एक गोष्ट मात्र ती कायम म्हणायची, "माझा पाय गार पाण्यात हाय रं. बोटं हालतेत माझी." मी तिला समजावायचो की याला फँटम लिंब म्हणतात, पाय जातो पण मेंदूतला त्याचा नकाशा राहतो. ती म्हणायची, "राहू दे तुझा नकाशा. त्या पायाच्या अंदाजानंच मी चालते."

तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. समोरच्या क्लासनं खरा सांगाडा आणून ठेवला, तर आमच्या क्लासचे मालक मला म्हणाले, "तुम्ही पण काहीतरी जिवंत दाखवा की." म्हणून श्रावणात मी जुन्या गावठाणात गेलो. तिथं आता नुसत्या बाभळी आणि पडक्या भिंती. कडेला मुरमाची जुनी खदान आहे, तिच्यात पाणी साचतं. तिथले शेपटीवाले बेडूकमासे बादलीभर आणले आणि क्लासमध्ये काचेच्या टाकीत सोडले. घरी कुणाला बोललो नाही, बायकोला किळस येते.

त्याच दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "आज पानी कोमट का लागायलंय रं पायाला?"

मी हसलो. टाकी पत्र्याच्या खोलीत होती आणि तिचं पाणी तापायचं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

दोन-तीन आठवड्यांत बेडूकमाशांना मागचे पाय फुटायला लागले. उजवा पाय नीट यायचा. डावा गुडघ्यापर्यंतच, पुढं नुसता गोळा. एकाचा नाही, दोघांचा नाही – सगळ्यांचा! बेडकांमध्ये व्यंग येतं, मला माहीत आहे. फवारणीच्या औषधानं येतं, परजीवी कृमींनी येतं. पण ते कसंही येतं... कुणाला जादा पाय, कुणाचा वाकडा, कुणाचा नाहीच. सगळ्यांचा एकच पाय एकाच जागी तुटका? पोरं टाकीभोवती गर्दी करायची आणि मी फुगलो होतो. म्हटलं, हे बरणीत घालून जपून ठेवायचे, समोरच्यांचा सांगाडा झक मारतो.

पण ते बेडूक झाले असते तर उड्या मारून गेले असते. म्हणून सकाळची बॅच सुटल्यावर मी एका बरणीत नमुने टिकवायचं फॉर्मलीन ओतलं. आधी भूल द्यायची असते. मी घाईत होतो. जिवंतच गाळणीनं उचलून टाकले. थोडा वेळ तडफडले, मग थांबले.

बरणीचं झाकण लावतोय तोवर बायकोचा फोन. "अहो, लवकर या! आत्याबाई किंचाळायल्यात, पाय जळाला म्हणतात."

"कोणता पाय?"

"तोच हो... नसलेला!"

मी पोचलो तेव्हा आई नकली पाय काढून फेकून, गुडघ्याखालची मोकळी जागा दोन्ही हातांनी चोळत होती. खरंच चोळत होती, हवेत. मला बघून म्हणाली, "आरं, कुणी तेजाब वतलं रं माझ्या पायावर?" थोड्या वेळानं एकाएकी शांत झाली.

दुसऱ्या दिवशी तिला बघायला गावाकडून तात्या, माझे चुलते, आले. पायाचा विषय निघाला तेव्हा बोलता बोलता म्हणाले, "दवाखान्यातून तुझ्या बापानं पाय मागून आणला. आपलं माणूस आपल्याच मातीत जावं म्हणायचा. मीठ घालून आम्ही दोघांनी पुरला की, खदानीच्या कडंला."

बरणी मी नेऊन त्याच जागी पुरली. क्लास सोडला, आता नांदेडला शिकवतो. आईला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात, अशा वेदना उठतात आणि जातातही, चांगलंच झालं. योगायोग असेल, मीच शंभरदा म्हणून बघितलंय. पण सगळ्यांचा डावाच पाय का, आणि तिला त्याच वेळी का, हे मला कुणीही सांगू शकलेलं नाही.

आईला त्या दिवसापासून पाय जाणवत नाही. दुखत नाही, गारही लागत नाही. नकली पाय लावून उभी केली की ती कोसळते. म्हणते, "खाली जमीनच लागत न्हाई." इतकी वर्षं चालणारी बाई खाटेला खिळली. मध्ये मला जवळ बोलावून म्हणाली, "भूकंपात तुटला तरी तो माझ्यासंगं व्हता. आता मेला बघ. कुणी मारला असंल रं?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत, आई."