ऊसतोडीला गेलेला नवरा

खोली बघायला गेल्या की नर्सबाई आधी दार लावून घ्यायच्या. घरमालक, मी, सगळे बाहेर. आतून कडी दोनदा खडखडायची आणि मग आवाज यायचा, "लागते. आता बोला."

तुम्ही कधी रिसोडच्या स्टँडवर उतरला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई दुपारी बाकांमधून फिरायच्या. जवळ लेकरं आहेत, गाठोडं आहे, पण कुठल्याच गाडीची घाई नाही, अशा बाईच्या शेजारी जाऊन बसायच्या. मग तिला खोली, दालमिलमध्ये काम, लेकरांना शाळा. शाळेपुरता मी.

त्यांचा एक हट्ट होता. खोली बाईच्याच नावानं घ्यायची, आणि खरं सांगून. "लपून राह्यली तं ते पाहुणीच राहीन, मास्तर."

मला पटायचं, पण मध्येच शहाणपणा करायची माझी खोड. रेखा नवऱ्याच्या माराला कंटाळून दोन मुलींसह निघून आलेली. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "नवरा कुठं हाय?" ती मान खाली घालायची. चौथ्या घरी, नर्सबाई आत असताना, मी ठोकून दिलं, "ऊसतोडीले गेला." दिवाळी नुकतीच झाली होती, आणि आमच्याकडची किती माणसं तेव्हा ऊसतोडीला जातात! घरमालक काकाजींनी लगेच किल्ली दिली. नर्सबाईंना मी काही सांगितलं नाही. स्वतःवर मात्र भलताच खूश होतो.

गुढीपाडवा उलटला, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. रेखाचा नवरा काही येईना. काकाजींनी चार जणांना विचारलं आणि एका दुपारी तिच्या दारात उभे राहिले. "सांजच्या आत खोली खाली कर."

मी पोचलो तेव्हा रेखा भांडी पोत्यात भरत होती. थोरली पोरगी दप्तर छातीशी धरून भिंतीला चिकटली होती. पुन्हा स्टँड, आणि तेही माझ्यामुळं. मला त्या पोरीकडं बघवेना. नर्सबाईंना फोन करून सगळं कबूल केलं. त्या आल्या.

"काकाजी, खोटं कोण बोललं?"

"हे मास्तर."

"मंग मास्तरले काढा गावातून. बाईले काहून काढता?"

काकाजी हसले नाहीत. "उद्या नवऱ्यानं येऊन तमाशा केला तं?"

मी तोंड उघडलं, तर नर्सबाईंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचं लक्ष रेखाकडं होतं. शेवटी रेखा पोतं सोडून उठली.

"आला तं मी दार उघडत नाही, काकाजी. तुमी बी उघडू नका."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं. "नळ सहाले येते," ते म्हणाले. "मिलमधून त्याच्या आत येत जा. रोज तुही बादली कोरडी राह्यते."

परतताना नर्सबाई माझ्या चार पावलं पुढंच चालत राहिल्या. माफी मागायची होती. उद्या मागू म्हटलं, आणि राहूनच गेलं.

जूनमध्ये रेखा धाकटीला शाळेत घालायला आली. मी पालकाचं नाव विचारलं. "माहं लिहा," ती म्हणाली. पत्ताही तिनं न अडखळता सांगितला, गल्लीपासून घरापर्यंत.

ते लिहून झालं आणि नर्सबाईंना कळवावं म्हणून सवयीनं मी मोबाईल काढला. त्या वारल्या त्याला तेव्हा महिना झाला होता.